हिशेब तपासणाऱ्याने महापौर व्हावे काय?

प्रश्न : मी सनदी लेखापाल असून ‘ड’ वर्गातील एका महानगरपालिकेत यंदा प्रथमच नगरसेविका म्हणून निवडून आले आहे. महापौरपदाची सोडत सर्वसाधारण महिला प्रवर्गासाठी निघाली आणि पक्षाने माझे नाव पुढे केले. ‘या वेळी हिशेबाचं माणूस हवं,’ असे आमच्या नेत्यांचे म्हणणे आहे. आर्टिकलशिपपासूनच्या (लेखापालाच्या उमेदवारीच्या काळापासूनच्या) मैत्रिणीबरोबर माझी भागीदारीत फर्म आहे. आमच्या अशिलांमध्ये दोन बांधकाम व्यावसायिक आहेत आणि महापालिकेचीच कामे करणारा रस्त्यांचा एक कंत्राटदारही आहे. महापालिकेच्या दुहेरी नोंद लेख्यांचे काम पूर्वी आमच्या फर्मकडे होते. ते निवडणुकीपूर्वी पूर्ण झाले, परंतु त्याचे एक बिल अद्याप निघालेले नाही. भागीदार मैत्रीण अस्वस्थ आहे, आणि सासरे म्हणतात, ‘सरळ माणसाचं ते काम नव्हे.’ कॅनडातील व्हँकूवर शहराचे केन सिम हे लेखापाल असून महापौर झाल्याचे वाचले आणि मनाने उचल खाल्ली. मी हे पद घ्यावे का? ते घेऊन शहराचे हिशेब एकदाचे मार्गाला लावता येतील का? व्यवसायाचे काय करावे? आणि पदावरून उतरल्यावर लेखापाल म्हणून मला पुन्हा उभे राहता येईल का?

उत्तर : सप्रेम नमस्कार. तुमच्या चार प्रश्नांपैकी दुसरा मी आधी घेतो, कारण त्याचा उलगडा झाल्याशिवाय पहिल्याला हात घालण्यात अर्थ नाही. शहराचे हिशेब मार्गाला लावण्याचे अधिकार महापौरांच्या खुर्चीत नाहीत. मुंबईचा १८८८ चा स्वतंत्र कायदा सोडला, तर राज्यातील महानगरपालिका १९४९ च्या महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाने चालतात (तुमचा सनदी लेखापाल अधिनियमही १९४९ चाच, हा एक योगायोग), आणि या अधिनियमाने कार्यकारी अधिकार शासनाने नेमलेल्या आयुक्तांच्या हाती दिले आहेत. महापौर हे सभागृहाचे पीठासीन अधिकारी असतात. ते सभा बोलावतात, चालवतात, मते समसमान पडली तर निर्णायक मत देतात, शहराचे प्रथम नागरिक म्हणून मिरवतात. परंतु धनादेश, निविदा, नेमणूक यांपैकी कशावरही त्यांची सही चालत नाही. ही घडी बदलून महापौरांना मंत्रिमंडळासारखी परिषद देण्याचा प्रयोग १९९८ मध्ये मुंबई आणि नागपूर येथे झाला होता, तो फार काळ टिकला नाही.

केन सिम यांचे उदाहरण म्हणूनच तुमच्या कामाचे नाही. ते २०२२ मध्ये संपूर्ण शहराच्या मतदारांनी थेट महापौरपदासाठी निवडून दिलेले होते. तुमच्या नावावर एका प्रभागाची मते आहेत, आणि महापौर म्हणून तुम्हाला निवडणार आहेत ते तुमचे सहकारी नगरसेवक, तेही अडीच वर्षांसाठी. तुमची ताकद त्यांच्या संमतीवर उभी राहणार आहे, ही गोष्ट पहिल्या दिवसापासून ध्यानात असू द्या.

पैशाचा खरा व्यवहार चालतो तो स्थायी समितीत. सोळा सदस्यांची ही समिती पक्षीय बलाबलानुसार बनते आणि त्यातील निम्मे सदस्य दरवर्षी निवृत्त होतात. ठरावीक मर्यादेवरील कंत्राटे तिच्याच मंजुरीने दिली जातात, आयुक्त अंदाजपत्रक प्रथम तिच्यापुढे मांडतात, आणि मुख्य लेखापरीक्षकांचा अहवालही तिच्याकडेच येतो. त्यामुळे निव्वळ हिशेबाची ओढ असेल, तर महापौरपदाला नम्रपणे नकार देऊन स्थायी समितीत जागा मागणे हा अधिक सरळ मार्ग आहे, असे मी म्हटले असते. ते म्हणत नाही, याचे एक कारण तुमच्याच पत्रात आहे. रस्त्यांचा कंत्राटदार ज्यांचा अशील आहे अशा व्यक्तीने त्याच रस्त्यांच्या निविदा मंजूर करणाऱ्या समितीत बसणे हे तुमच्या व्यवसायाच्या कोणत्याही कसोटीला उतरणारे नाही. दुसरे कारण असे, की लेखापालाला ज्याची खरी जाण असते त्या गोष्टी आज महापालिकांत सर्वसाधारण सभेच्या टेबलापर्यंत येतच नाहीत, आणि त्या तिथे आणणे महापौरांना शक्य असते.

हे अंदाजपत्रकाच्या उदाहरणाने सांगतो, कारण तुम्हाला ते इतरांपेक्षा लवकर समजेल. मानू या, की आयुक्तांनी एक हजार कोटी रुपये जमेचे अंदाजपत्रक स्थायी समितीला सादर केले. त्यांना स्वतःलाही ठाऊक असते, की मागील वर्षी प्रत्यक्षात नऊशे कोटीच जमा झाले होते. समितीला सदस्यांच्या प्रभागांतील कामे बसवायची असतात, म्हणून ती मालमत्ता कराच्या वसुलीचा आणि विकास शुल्काचा आकडा थोडा ओढते आणि अंदाजपत्रक साडेअकराशे कोटींचे करते. मग ते सर्वसाधारण सभेत येते. तिथे उरलेल्या नगरसेवकांच्या कामांसाठी जमेची बाजू पुन्हा फुगते आणि आकडा साडेबाराशे कोटींवर जातो. सभागृहात बाके वाजतात, वर्तमानपत्रांत ‘कोणतीही करवाढ नसलेला अर्थसंकल्प’ असा मथळा येतो. वर्षअखेरीस जमा होतात नऊशे वीस कोटी. मधल्या काळात मात्र साडेबाराशे कोटींच्या तरतुदीवर विसंबून कामांना प्रशासकीय मान्यता मिळालेली असते, कार्यादेश निघालेले असतात आणि कंत्राटदारांनी कामेही केलेली असतात. जमा झाली नाही म्हणून बिले थांबतात, पुढील वर्षीच्या तरतुदीतून आधी मागची बिले भागतात, आणि हा न फिटणारा डोंगर दरसाल वाढत जातो. महापालिकेत त्याला दायित्व म्हणतात. माझी सारी नोकरी नगरसचिव विभागात झाली आणि सभागृहात तावातावाने झालेल्या असंख्य चर्चा मी लिहून घेतल्या, पण एकूण दायित्व किती, हा प्रश्न सभागृहात विचारला गेल्याचे प्रसंग फारच थोडे. विचारला गेला तरी उत्तर ‘माहिती संकलित करण्याचे काम सुरू आहे’ एवढेच असे.

हा प्रश्न तुम्हाला विचारता येतो, आणि उत्तर तपासताही येते. आयुक्तांकडून अहवाल, तक्ते, कागदपत्रे मागवण्याचा अधिकार सभेला आहे. पहिल्या दोन-तीन सभांतच असा विषय घ्यावा, की ३१ मार्चअखेर प्रत्येक विभागाने कोणत्या कामांचे कार्यादेश दिले, त्यांपैकी किती रक्कम अदा झाली, किती बाकी आहे, आणि त्या बाकीसाठी चालू वर्षात तरतूद आहे की नाही, याचा तक्ता सभेपुढे ठेवण्यात यावा. त्याच तक्त्यात कंत्राटदारांच्या अनामत रकमांचा रकाना आवर्जून घाला. अनामत ही परत करायची रक्कम असते, ती जमेत धरून खर्चून टाकलेली असेल तर ते लेखापालाच्या नजरेला पहिल्या वाचनातच दिसेल, इतर कुणाला वर्षानुवर्षे दिसणार नाही. मुदत संपलेल्या बहुतेक महापालिकांवर २०२२ पासून दीर्घकाळ प्रशासक होते. त्या काळात आयुक्त म्हणून मांडलेला विषय त्याच अधिकाऱ्याने प्रशासक म्हणून मंजूर केला, आणि मध्ये प्रश्न विचारणारे कुणीच नव्हते. हे मी दोषारोप म्हणून लिहीत नाही, तशी ती कायदेशीर व्यवस्थाच होती. पण त्या वर्षांचे लेखापरीक्षण अहवाल, त्यांतील आक्षेपाधीन आणि वसूलपात्र रकमा, आणि त्यांवर विभागांनी दिलेले किंवा न दिलेले खुलासे ही तुमच्या सभेला मिळालेली थकबाकीच आहे.

येथे तुमच्या व्यवसायाची एक सवय तुम्हाला त्रास देईल. लेखापरीक्षक झालेल्या गोष्टींकडे पाहतो. व्यवहार घडून गेलेला असतो, प्रमाणक (व्यवहाराची पावती) हातात असते, पटले नाही तर शेरा लिहून तो आपल्या घरी जाऊ शकतो. महापौरांना न घडलेल्या गोष्टींवर, अपुऱ्या कागदांवर, रात्री उशिरा, घोषणा चालू असताना निर्णय जाहीर करावा लागतो, आणि सभेने तुमच्या मताविरुद्ध ठरवले तरी तो निर्णय तुमच्याच तोंडून जाहीर होतो. करांचेच घ्या. पुढील वर्षीचे करांचे दर २० फेब्रुवारीपर्यंत ठरवण्याचे बंधन कायद्याने महापालिकेवर घातले आहे. प्रशासन दरवाढीचा प्रस्ताव आणते, सभा तो एकमुखाने फेटाळते, हा जवळजवळ विधी होऊन बसला आहे. तुमचे गणित सांगत असेल, की पाणीपुरवठ्यावरील खर्चाचा निम्मा भागही पाणीपट्टीतून निघत नाही, आणि तरीही ‘प्रस्ताव एकमताने नामंजूर’ हे शब्द तुम्हाला उच्चारावे लागतील. त्याची तयारी आहे का, हे स्वतःला विचारा. माझा सल्ला विचाराल, तर दरवाढ रेटण्याच्या फंदात पहिल्या वर्षी पडू नका. मात्र प्रस्तावासोबत गेल्या दहा वर्षांचा जमा-खर्चाचा एक पानी तक्ता प्रत्येक सदस्याच्या हाती जाईल, असे पाहा. नामंजूर करणाऱ्यांनी निदान काय नामंजूर केले ते वाचलेले असावे.

जकात गेली, स्थानिक संस्था कर गेला, आणि १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर आल्यावर अनेक महापालिकांच्या जमेतील मोठा हिस्सा राज्याच्या नुकसानभरपाई अनुदानाचा झाला. त्या अनुदानात पायाभूत वर्षावर दरसाल आठ टक्के वाढ धरलेली आहे. दरमहा न मागता येणाऱ्या या पैशाने स्वतःच्या वसुलीबद्दलची तळमळ कमी केली, असे माझे स्पष्ट मत आहे. मालमत्ता कराच्या थकबाकीवर दरमहा दोन टक्के शास्ती लागते, ती मुद्दलाला मागे टाकते, मग निवडणुकीच्या सुमारास शास्ती माफ करणारी अभय योजना येते, आणि वेळेवर भरणारा नागरिक मूर्ख ठरतो. एखादी अभय योजना समजण्यासारखी आहे. दरवर्षी येणारी अभय योजना म्हणजे थकबाकी ठेवण्याचे निमंत्रण होय. हे सभेत बोलायला तुमच्याइतका अधिकार दुसऱ्या कुणाला नसेल, कारण तुमच्या अशिलांनी ती वाट पाहण्याची युक्ती तुम्हालाच विचारलेली असणार.

आता सहीबद्दल. माझ्या मते तुमच्या निर्णयाची खरी कळ इथे आहे. लेखापालाची सही म्हणजे काय, हे तुम्हाला सांगण्याची गरज नाही. आज तुमच्या प्रत्येक प्रमाणपत्रामागे अठरा अक्षरे-अंकांचा यूडीआयएन, म्हणजे त्या कागदाचा स्वतंत्र ओळख क्रमांक असतो, कोणत्या दिवशी कशावर सही केली हे कुणालाही पडताळता येते. महापौरांच्या सहीला असा क्रमांक नसतो. सर्वसाधारण सभा संपल्यावर काय होते, ते पाहा. विषयपत्रिकेवर चाळीस विषय असतात, गोंधळात त्यातले तीस ‘मंजूर, मंजूर’ म्हणत दहा मिनिटांत उरकतात, शिवाय आयत्या वेळचे विषय म्हणून काही पाने सभा सुरू झाल्यावर दाखल होतात, ज्यांचा गोषवारा कुणी वाचलेला नसतो. ठरावांचा अंतिम मजकूर सभेनंतर लिहिला जातो. सूचक आणि अनुमोदक यांची नावे, उपसूचना (मूळ प्रस्तावात सुचवलेले बदल), ‘उपसूचनेसह मंजूर’ ही अक्षरे, आणि खाली पीठासीन अधिकारी म्हणून महापौरांची सही. एखादी उपसूचना सभेत कुणाला ऐकूच आलेली नसते, पण ठरावात ती चांगली दोन परिच्छेदांची असते आणि तिने एखाद्या भूखंडाचे आरक्षण किंवा एखाद्या ठेक्याची मुदत बदललेली असते. ठरावांची पाने पंधरा-पंधरा दिवसांनी, क्वचित त्याहून उशिराने, सहीसाठी बंगल्यावर गेलेली मी पाहिली आहेत. असे ठराव आयुक्त विखंडनासाठी, म्हणजे रद्द करण्यासाठी, शासनाकडे पाठवू शकतात आणि कलम ४५१ खाली शासन ते निलंबित किंवा विखंडित करू शकते. मात्र विखंडन होवो वा न होवो, कागदावर सही तुमचीच राहते.

एका महापौरांनी यावर शोधलेला उपाय अगदी साधा होता. सभेत उपसूचना आली की ते ती लेखी मागत, स्वतः मोठ्याने वाचत, त्या कागदावर वेळ घालून आद्याक्षरी करत, आणि मगच मताला टाकत. पुढे ठरावाचे पान सहीला आले की त्या आद्याक्षरीच्या कागदाशी ताडून पाहत. सुरुवातीला त्यांच्याच पक्षाचे लोक चिडले, सभा लांबू लागल्या, ‘मास्तर’ असे नाव पडले. काही महिन्यांत उपसूचनांची संख्या आपोआप घटली. हे करायला ना आयुक्तांची परवानगी लागते, ना शासनाची. तुम्ही वर्षानुवर्षे प्रमाणके ताडत आला आहात, तुमच्या हातून ते त्यांच्यापेक्षा अधिक सफाईने होईल. पक्षाला ‘हिशेबाचं माणूस’ हवे आहे ते नेमके यासाठी, की केवळ नावाला, हे पहिल्याच सभेत कळून येईल.

म्हणून पद घेण्यापूर्वी पक्षाशी दोन गोष्टी स्पष्ट बोलून घ्या. अडीच वर्षांची मुदत पूर्ण मिळणार की सव्वा-सव्वा वर्षाची वाटणी आधीच ठरली आहे? वाटणी असेल तर पहिले वर्ष कागद समजून घेण्यात आणि उरलेले राजीनाम्याच्या चर्चेत जाईल, आणि मग या पदासाठी व्यवसायाची घडी विस्कटणे मला शहाणपणाचे वाटत नाही. दुसरे, आयत्या वेळचे विषय स्वीकारण्या-नाकारण्याचा निर्णय तुमचा राहील का? याला नेत्यांचे उत्तर ‘बघू, चालवून घेऊ’ असे आले, तर ते नकारार्थी समजा.

व्यवसायाबाबत मी जरा कठोर लिहिणार आहे. लोकनिर्वाचित पद धारण करण्यास तुमच्या संस्थेची, म्हणजे आयसीएआयची (भारतीय सनदी लेखापाल संस्थेची), सर्वसाधारण परवानगी आहे. त्या यादीत खासदार आणि आमदार यांचा नावानिशी उल्लेख येतो, त्यामुळे महापौरपदाबाबत एकदा लेखी विचारून उत्तर जपून ठेवावे. तेव्हा अडचण तुमच्या संस्थेकडून येण्याची नाही, ती महापालिकेच्या कायद्याकडून येईल. महापालिकेच्या कोणत्याही कंत्राटात स्वतःचा ‘किंवा भागीदाराचा’ प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष हितसंबंध असणे ही कलम १० खाली नगरसेवकाची अपात्रता आहे. यातील भागीदार हा शब्द तुमच्यासाठी फार मोठा आहे. उद्या तुमच्या मैत्रिणीने स्वतःच्या ओळखीवर, तुम्हाला न सांगता, महापालिकेच्या एखाद्या विभागाचे अंतर्गत लेखापरीक्षण किंवा जीएसटीचे काम घेतले, तरी आच तुमच्या पदाला लागेल. तिच्या प्रत्येक निर्णयावर पाळत ठेवून मैत्री टिकत नाही.

तेव्हा मुदतीपुरते भागीदारीतून निवृत्त व्हा. केवळ ‘सक्रिय नाही’ असे तोंडी ठरवू नका, निवृत्तीचा करार करा, संस्थेकडे आणि आयकर विभागाकडे आवश्यक ते बदल नोंदवा, नफ्यातील वाटा थांबवा, आणि परत प्रवेशाच्या अटी आजच कागदावर घ्या. परतल्यावर वाटा किती, तोवर जोडलेले अशील कुणाचे, नाव कसे राहील, हे आज गोडीत ठरेल. तिची अस्वस्थता पुष्कळशी याच अनिश्चिततेतून आलेली असावी. सप्टेंबर-ऑक्टोबरात लेखापरीक्षण अहवाल आणि विवरणपत्रांची धांदल असेल तेव्हा महापौर गणेशोत्सवाच्या बैठका, विसर्जन घाटांची पाहणी आणि नवरात्रीची उद्घाटने यांत गुंतलेल्या असतील, आणि मार्चमध्ये तुमच्या फर्मचे वर्षअखेर आणि महापालिकेचे अंदाजपत्रक एकाच आठवड्यात येतील. ‘दोन्ही सांभाळीन’ हे आश्वासन तिने ऐकले असेल तर तिने त्यावर विश्वास ठेवला नाही, यात तिची चूक नाही.

रस्त्यांचा कंत्राटदार आणि दोन्ही बांधकाम व्यावसायिक यांचे काम तुमच्याच फर्मकडे राहिले, तर तुम्ही निवृत्त झाल्याचे कुणी मानणार नाही. तुमच्या मैत्रिणीला हे जड जाईल, कारण हेच अशील फी वेळेवर देणारे असतात, तरीही निदान कंत्राटदाराला दुसऱ्या फर्मकडे पाठवावे, असे मी आग्रहाने सांगेन. त्याच्या वह्यांतून तुम्हाला कळलेल्या गोष्टी गोपनीय आहेत, त्या सभेत वापरता येणार नाहीत. आणि न वापरता त्याच्या कामावरील चर्चा चालवताना तुम्ही गप्प बसलात, तर विरोधी बाके त्या गप्प बसण्याचा वेगळा अर्थ लावतील. त्याचा विषय आला की उपमहापौरांना आसन देऊन सभागृहाबाहेर जा आणि तशी नोंद इतिवृत्तात घ्यायला लावा. एक बारीकशी, पण हमखास तक्रारीला कारण होणारी गोष्ट लेटरहेडची. लेखापालाच्या कागदावर नगरसेवक किंवा तत्सम पदाचा उल्लेख तुमच्या आचारसंहितेला मान्य नाही. महापौरांच्या कागदावर लेखापालाच्या फर्मचे नाव मीही मान्य करणार नाही. कार्यालयाबाहेरची पाटी, गाडीची काच, व्हॉट्सअ‍ॅपचा परिचय, सगळे आजच पाहून घ्या.

बाकी बिलाचे मात्र घाईने काही करू नका. काम निवडणुकीपूर्वी संपलेले असले तरी न मिळालेले देणे हा कंत्राटातील हितसंबंध ठरतो किंवा नाही, हा वस्तुस्थितीवर अवलंबून असणारा कायद्याचा प्रश्न आहे. महापालिका कायद्याची प्रॅक्टिस असलेल्या वकिलाचे लेखी मत उमेदवारी अर्ज भरण्याआधी घ्या, आणि करारपत्र, काम पूर्ण झाल्याचा दाखला, बिलाची प्रत हे सारे त्यांना दाखवा. तोवर लेखा विभागात फोन करू नका, मैत्रिणीलाही करू देऊ नका, कुणी ‘मॅडमचं बिल आहे, आधी काढा’ म्हणून उत्साह दाखवला तर त्याला तिथेच थांबवा. तुम्ही महापौर झाल्याच्या दुसऱ्या आठवड्यात ते बिल निघाले, तर रक्कम कितीही न्याय्य असली तरी तिचा खुलासा करण्यात तुमचे सहा महिने जातील.

सासऱ्यांच्या म्हणण्याला मी फार महत्त्व देणार नाही, पण टाकूनही देणार नाही. सरळपणाने अडचण होत नाही, एकटेपणाने होते. सभागृहात जो सदस्य दुसऱ्याच्या प्रभागातील गटाराच्या कामाला कधी हातभार लावत नाही आणि नियमांचे पुस्तक तेवढे दाखवतो, त्याला त्याचे स्वतःचे पक्षसहकारीही अडचणीच्या दिवशी सोडून देतात. नगरसेवकांची कामे मागण्याची धडपड तुम्हाला बेशिस्त वाटेल, परंतु त्यांच्या दारात रोज सकाळी तुंबलेल्या नळाची आणि बंद दिव्याची तक्रार घेऊन माणसे उभी असतात. त्यांना ‘तरतूद नाही’ असे सांगण्यापूर्वी ती का नाही आणि कधी होईल, हे समजावून सांगणारे महापौर त्यांनी फार पाहिलेले नाहीत. तुमच्याकडे अशील येतात तेव्हा तुम्ही नेमके तेच करता, म्हणून मला तुमच्याबद्दल आशा वाटते.

तर पहिल्या प्रश्नाचे उत्तर. मुदत पूर्ण मिळणार असेल, वकिलाचे मत अनुकूल असेल आणि भागीदारीतून खरोखर बाहेर पडण्याची तुमची आणि मैत्रिणीची तयारी असेल, तर पद घ्या. यांतील एखादी गोष्ट जरी जुळत नसेल तर नगरसेविका म्हणून राहा, लेखापरीक्षण अहवालांवर सभेत प्रश्न विचारा. तेही काही कमी काम नव्हे, आणि त्यासाठी फर्म सोडावी लागणार नाही. मात्र कंत्राटदार अशील, बाकी बिल आणि भागीदाराने महापालिकेचे काम घेणे यांबाबत वर लिहिले ते नगरसेविकेलाही तितकेच लागू आहे.

पुन्हा उभे राहण्याबद्दल म्हणाल, तर अडीच वर्षांनी तुमची विद्या कुठे जात नाही, पण ती शिळी होऊ शकते. प्रॅक्टिसचे प्रमाणपत्र चालू ठेवणार असाल तर तीन वर्षांच्या गटातील १२० सीपीई (सततच्या व्यावसायिक शिक्षणाच्या) तासांचे बंधन महापौरांनाही सुटत नाही, तेव्हा ते तास पहिल्या वर्षापासून भरत राहा, शेवटच्या तिमाहीवर ढकलू नका. आणि पदावरून उतरल्यावर निदान पुढील पाच वर्षांची मुदत संपेपर्यंत तुमच्या फर्मने त्या महापालिकेचे कोणतेही काम घेऊ नये, हे कलम परत प्रवेशाच्या त्या करारात आजच घालून घ्या. मैत्रिणीची त्याला हरकत असेल तर ती आत्ताच कळलेली बरी.